कंट्रोल-क्यूची जागा : ‘एमएसविन.विम’ या फाइलीचं रसग्रहण

विम हा एडिटर संगणकावर बसवला की त्याच्यासोबत पूरक फायलींचा एक मोठा संच येतो. त्यात ‘एमएसविन.विम’ नावाची एक फाइल असते. शंभराच्या आसपास ओळी, त्यातल्याही बऱ्याच कॉमेंटच्या. ज्याचे हात वर्षानुवर्षं विंडोजवर घडले आहेत, कंट्रोल-सी म्हणजे कॉपी आणि कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट हे ज्याला आठवावंही लागत नाही, अशा माणसाला विममध्ये वावरता यावं एवढंच तिचं काम. विममध्ये मुरलेली मंडळी तिच्याकडे नवख्यांची सोय म्हणून पाहतात आणि पुढे जातात. मला ती ओळीओळीने वाचण्याजोगी वाटते. एका सवयीला जागा करून देताना दुसरीला हुसकावून लावायचं नाही, हे अवघड काम ती करून दाखवते. ते कसं करते, हेच इथे पाहायचं आहे.

त्यासाठी आधी विमचा स्वभाव समजून घ्यायला हवा. विमचा पूर्वज व्हीआय. तो बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला. त्या वेळी त्यांच्यासमोर एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं. त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या; एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. आजही विममध्ये कर्सर हलवायला हीच चार अक्षरं वापरतात. ते टर्मिनल केव्हाच गेलं, पण त्याची सवय लाखो बोटांत उरली. व्हीआयचा दुसरा विशेष म्हणजे मोड. नॉर्मल मोडमध्ये अक्षरांच्या कळा अक्षरं उमटवत नाहीत, आज्ञा देतात. इन्सर्ट मोडमध्ये गेलं की त्याच कळा मजकूर लिहितात. मजकूर निवडायचा असेल तर व्हिज्युअल मोड. एकाच कळेचा अर्थ आपण कुठे आहोत यावर ठरतो.

विमचा जन्म सवयीतूनच झाला. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरला युनिक्सवर व्हीआयची सवय जडलेली होती. त्यांनी अमिगा संगणक घेतला आणि त्यावर मनासारखा व्हीआय मिळेना. म्हणून दुसऱ्या एका व्हीआयसदृश एडिटरच्या आधाराने त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं आणि १९९१ मध्ये ते लोकांसमोर आणलं. आपल्या हातांना नव्या यंत्रावर परकं वाटू नये म्हणून एका माणसाने अख्खा एडिटर घडवला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मोलेनार गेले; त्याआधी ‘एमएसविन.विम’च्या माथ्यावर देखभालकर्ता म्हणून त्यांचं नाव अनेक वर्षं होतं. स्वतःच्या सवयीसाठी एवढे कष्ट घेतलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या सवयींना दार उघडं ठेवलं, हे ध्यानात ठेवून ही फाइल वाचली की तिचा सूर नीट कळतो.

दुसऱ्या बाजूच्या सवयीलाही वंश आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर यांनी टिम मॉट यांच्याबरोबर १९७० च्या दशकाच्या मध्यात ‘जिप्सी’ हा एडिटर केला. कट, कॉपी, पेस्ट ही आज सर्वांच्या अंगवळणी पडलेली रीत तिथे आकाराला आली. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या लिसा संगणकापासून झेड, एक्स, सी, व्ही या कीबोर्डच्या खालच्या ओळीतल्या शेजारी कळांना अंडू, कट, कॉपी, पेस्ट ही कामं मिळाली. टेस्लर यांचा मोड या कल्पनेलाच कडवा विरोध होता. एका कळेचा एकच अर्थ असावा, माणसाला आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे आठवावं लागू नये, असा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. गाडीच्या नंबरप्लेटवरही त्यांनी ‘नो मोड्स’ लिहवून घेतलं होतं. म्हणजे ‘एमएसविन.विम’मध्ये मोड न मानणाऱ्या परंपरेच्या चार कळा थेट मोडवर उभ्या असलेल्या एडिटरमध्ये येतात. या फाइलीतलं सगळं नाट्य या भेटीत आहे.

आता मजकुराकडे येऊ. फाइलीची सुरुवात कोणत्याही कळेपासून होत नाही. आधी ती विमचं एक सेटिंग जपून ठेवते. ‘सीपीऑप्शन्स’ नावाचं हे सेटिंग विमने जुन्या व्हीआयसारखं किती वागायचं ते ठरवतं. वापरणाऱ्याने ते काहीही ठेवलेलं असू शकतं. फाइल त्याची किंमत बाजूला नोंदवते, आपल्या कामापुरती विमची नेहमीची किंमत लावते आणि अगदी शेवटी मूळ किंमत परत ठेवते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रांधणारी शहाणी बाई डबे ज्या फळीवर होते तिथेच परत ठेवते, तसं हे वागणं. ज्या सेटिंगशी आपलं काम नाही त्यावर आपला ठसा उमटू द्यायचा नाही, हा संयम सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळींत आहे आणि मधली प्रत्येक ओळ त्याच्याच छायेत लिहिली आहे.

त्यानंतर येते ‘बिहेव्ह एमएसविन’ ही दोन शब्दांची आज्ञा. ती चार सेटिंग एकदम बदलते. त्यातल्या एकाने निवडलेल्या मजकुराच्या कडेचा अर्थ बदलतो. विममध्ये कर्सर अक्षरावर बसतो; निवड केली तर ज्या अक्षरावर तो थांबला तेही निवडीत येतं. विंडोजमध्ये कर्सर दोन अक्षरांच्या मधल्या फटीत उभा असतो. निवड त्या फटीपर्यंतच जाते. एका अक्षराचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण शिफ्ट धरून बाण दाबत मजकूर निवडणाऱ्या हाताला तो प्रत्येक वेळी अडखळवतो, कारण कुठे थांबायचं हे बोटांनी ठरवलेलं असतं. या आज्ञेने ती कड विंडोजच्या बाजूने सरकते.

याच आज्ञेने विमचा सिलेक्ट मोडही कामाला लागतो. व्हिज्युअल मोडमध्ये मजकूर निवडून ‘डी’ दाबलं तर विम तो पुसतो, कारण तिथे ‘डी’ ही आज्ञा आहे. विंडोजचा हात मात्र निवडलेल्या शब्दावर थेट लिहू लागतो आणि जुना शब्द जाऊन नवा येईल अशी अपेक्षा ठेवतो. सिलेक्ट मोड नेमकं तेच करतो. टेस्लर यांच्या परंपरेला मोड नको होते आणि विमने तिचं स्वागत केलं ते एक मोड वाढवून. मला यात विसंगती दिसत नाही. विमने आपली भाषा सोडली नाही. समोरच्याचं म्हणणं त्याने आपल्याच व्याकरणात बसवून मांडलं.

पुढच्या ओळी कट आणि कॉपीच्या. इथे प्रत्येक कामाला दोन-दोन जोड्या आहेत. कट म्हणजे कंट्रोल-एक्स, तसंच शिफ्ट-डिलीट. कॉपी म्हणजे कंट्रोल-सी, तसंच कंट्रोल-इन्सर्ट. पेस्ट म्हणजे कंट्रोल-व्ही, तसंच शिफ्ट-इन्सर्ट. ही दुसरी जोडी विंडोजच्या सुरुवातीच्या काळातली. आयबीएमने १९८७ मध्ये मांडलेल्या समान वापरपद्धतीच्या नियमांत हीच होती. कंट्रोल-एक्स, सी, व्ही विंडोजमध्ये नंतर रूढ झाल्या. फाइलीने दोन्ही पिढ्यांना जागा दिली. विंडोजचा माणूस म्हणजे एकच ठरावीक माणूस नाही, त्यातही जुने-नवे हात आहेत, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं.

याच ओळींत आणखी एक बारकावा आहे. कळेला काम नेमून देणाऱ्या प्रत्येक ओळीचा पहिला शब्द ते काम कोणत्या मोडपुरतं आहे ते सांगतो. कट-कॉपीच्या ओळी व्हिज्युअल मोडपुरत्याच आहेत. म्हणजे मजकूर निवडलेला असेल तरच कंट्रोल-सीचा अर्थ कॉपी. एरवी विममध्ये चालू काम थांबवण्याचा तिचा जुना अर्थ शाबूत राहतो. कंट्रोल-एक्सचंही तसंच. नॉर्मल मोडमध्ये ती कर्सरखालच्या आकड्यातून एक वजा करते आणि ही फाइल चढवल्यावरही ते काम चालू राहतं. काही निवडलंच नसेल तर कॉपी करायचं काय? त्या रिकाम्या क्षणी जुन्या अर्थाला हात लावायचं कारण नाही, म्हणून लावलेला नाही. शिवाय कॉपी केलेला मजकूर जातो तो ‘प्लस’ नावाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकाच्या सामायिक क्लिपबोर्डवर. विमची स्वतःची ‘वाय’ आणि ‘डी’ ही अक्षरं पूर्वीसारखी स्वतःच्या रजिस्टरमध्ये मजकूर ठेवत राहतात. दोन सवयी शेजारी नांदतात आणि एकमेकींचा ऐवज पुसत नाहीत.

पेस्टची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही. कंट्रोल-व्ही कॉपीसारखी निवडीपुरती ठेवता येत नाही, कारण पेस्ट नॉर्मल मोडमध्येही हवं आणि इन्सर्ट मोडमध्येही. आणि विममध्ये कंट्रोल-व्हीला आधीपासून मोलाचं काम होतं. नॉर्मल मोडमध्ये ती चौकोनी निवड सुरू करते. ओळींच्या मधला उभा पट्टा, समजा तक्त्यातला एकच रकाना, निवडण्याची ही सोय विमच्या लोकांना जिवापाड प्रिय आहे. इन्सर्ट मोडमध्ये तीच कळ पुढचा दाब जसाच्या तसा मजकुरात घालते. एवढं काम करणाऱ्या कळेवर विंडोजची सवय हक्क सांगते. इथे दोघींपैकी एकीला उठावंच लागणार.

फाइल कंट्रोल-व्ही पेस्टला देते आणि मग पुढचं पाऊल टाकते. कंट्रोल-व्ही जे काम करत होती, ते करायला कंट्रोल-क्यू वापरा, अशा अर्थाची एक ओळीची कॉमेंट येते आणि तिच्याखाली तसं करणारी एकच ओळ. या फाइलीतलं सौंदर्याचं ठिकाण विचाराल तर मी या ओळीवर बोट ठेवीन. पाहुणीला जागा दिल्यावर लेखक थांबत नाही. उठलेल्या सवयीचं नाव घेतो, तिचा नवा पत्ता देतो आणि तो वाचणाऱ्याला सांगतो.

नवी जागाही विचाराने निवडलेली आहे. नॉर्मल मोडमध्ये कंट्रोल-क्यूला विमने वेगळं काम दिलेलं नव्हतं, त्याला इतिहास आहे. आस्की संकेतात कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू ही जोडी टेलिप्रिंटरच्या काळापासून प्रवाह थांबवण्या-सोडण्यासाठी ठेवलेली आहे. समोरून येणारा मजकूर फार वेगाने येतोय तर कंट्रोल-एसने थांबवायचा, पुन्हा हवा तर कंट्रोल-क्यूने सोडायचा. युनिक्सच्या टर्मिनलांनी ही रीत पुढे नेली आणि त्या टर्मिनलांवर वाढलेल्या एडिटरांना या कळांवर भिस्त ठेवता आली नाही. विंडोजच्या खिडकीत ती अडचण नाही, म्हणून कंट्रोल-क्यू मोकळी. इन्सर्ट मोडमध्ये तर कंट्रोल-क्यू आधीपासूनच कंट्रोल-व्हीसारखी वागत होती, म्हणून तिथे वेगळी ओळ लिहावीही लागली नाही.

या ओळीचा पहिला शब्दही थांबून वाचावा. साध्या ‘मॅप’ने कंट्रोल-क्यूला कंट्रोल-व्हीकडे पाठवलं असतं तर काय झालं असतं? कंट्रोल-व्ही तोवर पेस्ट झालेली आहे; म्हणून कंट्रोल-क्यूनेही पेस्टच केलं असतं आणि चौकोनी निवड कायमची हरवली असती. पण इथे शब्द आहे ‘नोरीमॅप’. त्याचा परिणाम असा की उजव्या बाजूची कळ तिच्या मूळ, विमने दिलेल्या अर्थाने घेतली जाते; मधे कुणी तिला नवं काम दिलं असलं तरी ते विचारात घेतलं जात नाही. दोन-चार अक्षरांच्या फरकाने जुना अर्थ वाचतो. काव्यात एखादा प्रत्यय अख्ख्या ओळीचा अर्थ फिरवतो, त्या तोडीची ही नेमकी शब्दयोजना आहे.

सेव्हच्या ओळींत दुसरं सौंदर्य आहे. कंट्रोल-एस दाबणं ही अनेकांची क्षणाक्षणाची सवय. वीज कधी जाईल, संगणक कधी अडकेल याचा भरवसा नसलेल्या दिवसांत ज्यांनी लिहायला सुरुवात केली, त्यांचा डावा हात वाक्य संपलं की आपोआप त्या दोन कळांवर जातो. मजकूर बदललाय की नाही, हे तो विचारत नाही. विममध्ये फाइल लिहिण्याची सरळ आज्ञा ‘राइट’ आहे. ती दर वेळी फाइल नव्याने लिहिते आणि फाइलीवरची वेळही बदलते. या फाइलीने ती टाळून ‘अपडेट’ ही आज्ञा घेतली. बदल झाला असेल तरच ती लिहिते. प्रोग्रॅम बांधणारी ‘मेक’सारखी साधनं फाइलीवरची वेळ पाहून काय पुन्हा करायचं ते ठरवतात; उगीच बदललेली वेळ म्हणजे उगीच केलेलं काम. या एका शब्दाने हाताला हवं तितक्या वेळा कंट्रोल-एस दाबायची मुभा मिळते आणि त्या दाबांचा भार कुणावर पडत नाही. भीतीतून लागलेल्या सवयीला शिकवण न देता तिची काळजी घेणं मला फार मोठं वाटतं.

इन्सर्ट मोडमधल्या सेव्हची ओळही अशीच. मजकूर लिहिता लिहिता कंट्रोल-एस दाबलं तर विमला आज्ञेसाठी इन्सर्ट मोडमधून बाहेर पडावं लागतं. फाइल ते करवते आणि लिहिणाऱ्याला पुन्हा त्याच जागी, त्याच मोडमध्ये आणून सोडते. त्याला प्रवास झाल्याचं कळतही नाही. इन्सर्ट मोडमधल्या पेस्टच्या ओळीतही एक छोटी खूण आहे, जिच्यामुळे अंडूसाठी तिथे नवा टप्पा सुरू होतो. त्यामुळे पेस्ट केलेलं नको वाटलं तर तेवढंच निघतं. त्याआधी हाताने लिहिलेलं वाक्य जात नाही.

शैलीचं बोलायचं तर फाइलीतल्या कॉमेंट छोट्या, सपाट आणि प्रामाणिक आहेत. कंट्रोल-वाय म्हणजे रीडू असं सांगताना कॉमेंट लगेच जोडते की शेवटची कृती पुन्हा करण्याचं काम मात्र ती करत नाही. विंडोजच्या काही प्रोग्रॅममध्ये ही कळ दोन्ही कामं करते, म्हणून ही सूचना. विमला कॉपी केलेला मजकूर अक्षरांचा तुकडा होता, पूर्ण ओळ होती की चौकोन, हे लक्षात राहतं. काही परिस्थितीत ओळ आणि चौकोन साध्या अक्षरांसारखेच पेस्ट होतील, हेही कॉमेंटमध्ये सांगितलेलं आहे. जिथे सोय अपुरी पडते तिथे ती अपुरी आहे असं लिहिलं आहे. वापरणाऱ्याच्या विश्वासाला यामुळे पाया मिळतो.

उणं कुठे आहे तेही सांगायला हवं. कंट्रोल-ए या कळेला विंडोजच्या रीतीने सगळा मजकूर निवडण्याचं काम मिळालं. ती ओळ वाचायला सुंदर आहे : फाइलीच्या माथ्यावर जा, ओळींची निवड सुरू कर, तळाशी जा. विममध्ये ‘सगळं निवड’ अशी स्वतंत्र आज्ञा नाही, ती या तीन हालचालींतून रचली आहे. पण कंट्रोल-ए आधी कर्सरखालच्या आकड्यात एक मिळवत असे. कंट्रोल-एक्सची वजाबाकी नॉर्मल मोडमध्ये शिल्लक राहिली आणि तिची जोडीदार बेरीज गेली, तिला नवा पत्ता मिळाला नाही. कंट्रोल-व्हीला जे औदार्य लाभलं, ते कंट्रोल-एला लाभलं नाही. शिवाय टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू अजूनही प्रवाहाच्या जुन्या कामावर असू शकतात आणि तिथे या कळा विमपर्यंत पोहोचतच नाहीत.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. अशा सोयीमुळे माणूस विम शिकतच नाही, जुन्यालाच धरून बसतो, असं म्हटलं जातं. माझं मत वेगळं आहे. हात परके असतील तर माणूस पहिल्याच दिवशी एडिटर बंद करतो. रोजची चार कामं ओळखीच्या कळांनी झाली, तर उरलेलं शिकायला तो टिकून राहतो. ही फाइल विमची कोणतीही अक्षर-आज्ञा झाकत नाही. ‘डीडब्ल्यू’ने शब्द पुसणं, बिंदूने शेवटची कृती पुन्हा करणं सगळं जागेवर असतं.

मराठी लिहिणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. मराठी टाइपरायटरवर रेमिंग्टनच्या मांडणीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी उमटवावी लागे, कारण कागदावर ती डावीकडे येते. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी प्रमाणित केली. तिच्यात आणि युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर येते. पण टाइपरायटरवर तयार झालेल्या टंकलेखकांचा वेग त्यांच्या बोटांच्या क्रमात होता. म्हणून टाइपरायटरची मांडणी संगणकावर आणणाऱ्या सॉफ्टवेअरने हाताला वेलांटी आधीच दाबू दिली आणि आत साठवताना ती व्यंजनामागे नेली. बाहेर जुनी सवय, आत नवा क्रम आणि दोन्ही बरोबर. आयुष्याच्या मध्यावर पुन्हा अक्षरओळख करायची वेळ न येता कित्येकजण संगणकावर आले, त्यामागे हीच समज होती.

सवय म्हणजे हातांत साठलेली विद्या. ती मिळवायला वर्षं गेलेली असतात, म्हणून ती मोडणारा बदल कितीही प्रगत असला तरी त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं. ‘एमएसविन.विम’ ही किंमत कमीत कमी कशी ठेवावी याचा उत्तम नमुना आहे : जिथे दोन सवयी एकत्र नांदू शकतात तिथे मोडचा नेमका उपयोग, जिथे नांदू शकत नाहीत तिथे उठणारीला नवी जागा, जिथे सोय तोकडी तिथे तशी स्पष्ट नोंद, आणि काम संपल्यावर दुसऱ्याचं सेटिंग जसंच्या तसं परत. कंट्रोल-एची चूक धरूनही मी तिला उत्तम लेखन म्हणेन. आपल्या एडिटरची सेटिंगची फाइल ज्यांनी स्वतः लिहिली आहे, त्यांना एकच सांगणं : कळ बदलणाऱ्या प्रत्येक ओळीवर एक कॉमेंट लिहा. ही सवय कुठून आली, तिच्यासाठी काय हललं आणि हललेलं आता कुठे सापडेल, एवढंच त्यात असू द्या.